एस्तोय बिएन... खरंच?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री बरोब्बर आठ वाजता मी लॅपटॉपसमोर बसून, फुल कॉन्फिडन्समध्ये, एका मेक्सिकन बाईंना सांगितलं की मी जन्मजात दुःखी आहे.

म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं हो! मला एवढंच सांगायचं होतं की आज मूड नाहीये. एका क्लायंटनं तीन लेखांचं मानधन लटकवलेलं, दुपारभर लाइटची ये-जा चाललेली, आणि बाहेर सोलापूरचा मे. अशात कोण नाचत बसणार? म्हणून बाईंनी ‘कोमो एस्तास?’ म्हणजे ‘कशी आहेस?’ असं विचारल्यावर मी डोक्यात आधी इंग्लिश जुळवलं, ‘आय ॲम सॅड’, आणि त्याचं फटाफट स्पॅनिश करून टाकलं. ‘सोय त्रिस्ते.’

बाईंच्या हातात कॉफीचा मग होता. (आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा त्यांच्या पुएब्ला शहरात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात.) त्यांनी मग खाली ठेवला, स्क्रीनच्या जवळ आल्या आणि शाळेतल्या बाई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतात ना, तशा आवाजात म्हणाल्या, ‘नो, नो. एस्तास त्रिस्ते.’

फरक काय? ‘सोय त्रिस्ते’ म्हणजे मी दुःखी स्वभावाची आहे, माझा पिंडच तसा आहे. ‘एस्तोय त्रिस्ते’ म्हणजे मी आत्ता, सध्या, दुःखात आहे. इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच ‘ॲम’. स्पॅनिशमध्ये मात्र ‘असणं’ चक्क दोन प्रकारचं असतं, आणि बोलताना दर वेळी ठरवावं लागतं की यातलं आपलं कुठलं.

रात्री आठ वाजता, घामाघूम अवस्थेत, हे ऐकून मला एकदम सॉलिड वाटलं. कुणीतरी व्याकरणातून धीर देतंय, असं आजवर कधी झालं नव्हतं!

सोलापुरात स्पॅनिश? कशाला बे?

हा प्रश्न मला सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, ‘त्यापेक्षा कन्नड शीक, भाजी तरी स्वस्त मिळेल.’ लॉजिकमध्ये पॉइंट आहे.

आमच्या ऑनलाइन बॅचमध्ये आम्ही चौघं. एकाच्या घरची टेरी टॉवेलची फॅक्टरी आहे, त्याला लॅटिन अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी थेट बोलायचंय. एक आयटीवाला, वर्क फ्रॉम होम करत विजापूर रोडवर राहतो. त्याला स्पॅनिश येणाऱ्यांचा पगार किती असतो ते कुणीतरी सांगितलंय. तिसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण, पूर्व भागातली, पद्मशाली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बँकेच्या नोकरीत हिंदी-इंग्लिश. ती म्हणते, चार येतातच, पाचवीनं काय बिघडतंय? स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे, तेव्हा एका भाषेच्या फीमध्ये 20 देश, असा तिचा बँकवाला हिशेब.

आणि मी? मी का शिकतेय ते सांगते, पण जरा नंतर.

तसं परकी भाषा शिकणं सोलापूरला नवीन नाहीच. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक तुम्ही गाडीवरून जाता-येता पाहिलं असेल. 1910 मध्ये इथं जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. तिथे तो चिनी शिकला, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचा प्रमुख झाला, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि 1942 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच गेला. डॉक्टरची गोष्ट सोपी असते. ‘कुठे दुखतंय?’ हे पेशंटच्या भाषेत विचारता आलं नाही, तर गळ्यातला स्टेथोस्कोप काय कामाचा?

मला वाटतं, कुठल्याही भाषेत सगळ्यात आधी हेच लागतं. ‘हे माझं पेन आहे’ वगैरे नंतर. आधी भूक लागलीय, दमलेय, भीती वाटतेय, इथे दुखतंय. पर्यटनाच्या पुस्तकात रेल्वे स्टेशन कुठे आहे ते पहिल्या पानावर असतं. पण परक्या गावात रात्री पोटात कळा आल्या, तर स्टेशनचं काय करणार?

सगळी ‘सोय’ आहे

तर फंडा असा. पहिलं असणं ‘सेर’. त्याचं ‘मी’चं रूप ‘सोय’. हो, आपली राहण्या-जेवणाची सोय असते ना, अगदी तसाच उच्चार. मी बाई आहे, मी पत्रकार आहे, मी सोलापूरची आहे, मी उंच आहे. या सगळ्याला ‘सोय’. तुमच्या आधार कार्डावर जे-जे छापता येईल ते बहुतेक ‘सेर’मध्ये बसतं.

दुसरं असणं ‘एस्तार’. त्याचं ‘एस्तोय’. कुठे आहे आणि कसा आहे, या दोन्हीला हेच. मी घरात आहे, मी दमलेय, मी खुशीत आहे, मी वैतागलेय.

गंमत बघा. ‘एस्तोय आबुरीदा’ म्हणजे मला कंटाळा आलाय. ‘सोय आबुरीदा’ म्हणजे मी कंटाळवाणी बाई आहे! ‘एस्तोय लिस्ता’ म्हणजे मी तयार आहे, निघू या. ‘सोय लिस्ता’ म्हणजे मी हुशार आहे. एक शब्द बदलला की कंटाळलेला माणूस कंटाळवाणा होतो. आमच्या आयटीवाल्यानं पहिल्याच आठवड्यात स्वतःची अशी ओळख करून दिली, आणि आम्ही कुणीच हरकत घेतली नाही.

मला वाटलं होतं हे काहीतरी जगावेगळं असणार. पण खोदकाम केलं तर मुळं आपल्याच दारात निघाली. ‘एस्तार’ आलंय लॅटिनच्या ‘स्तारे’वरून, म्हणजे उभं राहणं. आणि त्याच जुन्या मुळातून संस्कृतमध्ये आला ‘स्था’, ज्यातून आपलं स्थान, अवस्था, स्थिती. स्पॅनिशमध्ये स्थितीला म्हणतातही ‘एस्तादो’. ‘सेर’चं ‘तो आहे’ हे रूप ‘एस’, आणि संस्कृतचं ‘अस्ति’, हीसुद्धा अशीच लांबची भावंडं. म्हणजे ‘एस्तोय त्रिस्ते’ चा शब्दाला चिकटून अर्थ लावायचा तर, मी दुःखात उभी आहे. बसलेली नाही. उभा माणूस चालू लागतो.

(हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं आणि दोन वेळा अधोरेखित केलं. क्लायंटचं पेमेंट अजून आलेलं नाही, पण ते जाऊ दे.)

तेंगो आंब्रे!

पण थांबा, सगळ्या अवस्था ‘एस्तोय’नं होत नाहीत. भूक लागली तर स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘तेंगो आंब्रे’. वाचून कुणी आंब्रे आडनावाचे गृहस्थ आल्यासारखं वाटतं, पण ‘आंब्रे’ म्हणजे भूक आणि ‘तेंगो’ म्हणजे माझ्याकडे आहे. माझ्याकडे भूक आहे. तहान, झोप, भीती, घाई, थंडी, उकाडा, सगळं ‘माझ्याकडे असतं’. वयसुद्धा! ‘तेंगो बेइन्तिओचो आन्योस’, माझ्याकडे 28 वर्षं आहेत. लग्नाच्या वयावरून टोमणे मारणाऱ्या नातेवाइकांना हे उत्तर सुचवावंसं वाटतं: मी 28 ची झाले नाही काकू, माझ्याकडे 28 वर्षं आहेत. शिल्लक समजा.

इथे सगळे इंग्लिशवरून जातात आणि आपटतात. आमच्या टॉवेलवाल्यानं ‘आय ॲम हॉट’ चं भाषांतर करून प्रोफेंना सांगितलं, ‘एस्तोय कालिएन्ते.’ (स्पॅनिशमध्ये बाई म्हणजे ‘प्रोफेसोरा’, लाडानं ‘प्रोफे’.) प्रोफेंना कॉफीचा ठसका लागला. त्याचा जो अर्थ होतो तो या फॅमिली मासिकात छापता येणार नाही. उकडत असेल तर म्हणायचं ‘तेंगो कालोर’. आणि मुलींनो, लाज वाटली म्हणून ‘एम्बारासादा’ म्हणू नका. कितीही ‘एम्बॅरस्ड’सारखं वाटलं तरी त्याचा अर्थ गरोदर असा होतो. घरी बातमी पोचायची!

माझी मैत्रीण मात्र कधीच आपटत नाही. मी विचारलं, तुला कसं जमतं? म्हणाली, ‘मी इंग्लिशमधून जातच नाही. मराठीतून जाते, नाहीतर तेलुगूतून.’

आणि खरंच की! इंग्लिशमध्ये भूक लागली की माणूसच ‘हंग्री’ होतो. मराठीत तसं होतं का? मला भूक लागते. मला राग येतो. मला भीती वाटते. मला झोप येते. थंडी तर वाजते! आपण जागच्या जागी असतो, आणि या गोष्टी पाहुण्यांसारख्या आपल्याकडे येतात. उकडतं तेव्हा तर कहरच: ‘उकडतंय’ या एका शब्दाचं अख्खं वाक्य होतं आणि त्यात माणूसच नसतो. सोलापूरच्या मे महिन्याचं याहून अचूक वर्णन कुठल्याही भाषेत नसेल.

‘मे गुस्ता’ हे पहिल्यांदा ऐकून मला वाटलं कुणाला गुस्सा आलाय. अर्थ अगदी उलटा: मला आवडतं. आणि रचना शब्दशः मराठी! ‘मे गुस्ता’, मला आवडतं. वस्तू अनेक असल्या तर ‘मे गुस्तान’, मला आवडतात. पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात, तसंच. दुखण्याचंही तेच. ‘मे द्वेले ला काबेसा’, मला डोकं दुखतं. ‘मे द्वेलेन लोस पिएस’, मला पाय दुखतात. इंग्लिश मिडियमवाले इथे दोन आठवडे अडकतात म्हणे. आपल्याला पाच मिनिटं लागतात.

‘मी दमलो’ आणि ‘मी दमले’ हेही तसंच. पुरुष म्हणणार ‘एस्तोय कान्सादो’, बाई म्हणणार ‘एस्तोय कान्सादा’. मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त मराठी आठवायचं.

मग मैत्रिणीनं क्लासनंतर फोनवर तेलुगू सांगितलं. भूक लागली तर ‘नाकु आकलेस्तोंदि’, म्हणजे मला भूक लागतेय. कन्नडमध्ये ‘ननगे हसिवागिदे’, म्हणजे मला भूक झालीय. आमच्या गल्लीतल्या दखनीत ‘मेरे कू भूक लगी’. सगळीकडे ‘मला’. भारतातल्या बहुतेक भाषांची ही सवय आहे, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. मी म्हटलं, म्हणजे सोलापूरचा कुठलाही माणूस अर्धं स्पॅनिश जन्मतःच शिकून येतो!

हे बोलता बोलता मला ती डायरी आठवली.

पपांची डायरी

माझे पपा एसटीत कंडक्टर होते. सोलापूर डेपो. बरीच वर्षं अक्कलकोटमार्गे गुलबर्ग्याची गाडी, मध्ये काही वर्षं हैदराबाद. रात्री आठच्या सुमारास ते घरी यायचे. आधी तिकिटांची पेटी, मग पुढे मशीन आलं तरी खिशातली छोटी डायरी गेली नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेल्यावर आईनं कपाट आवरलं, तेव्हा त्यांच्या सहा-सात डायऱ्या निघाल्या. पुढच्या पानांवर हिशेब, ड्युट्या, कुणाचे उसने पैसे. आणि मागच्या पानांवर, देवनागरीत, बारीक अक्षरात, तीन रकाने: मराठी, कन्नड, तेलुगू.

पाणी पाहिजे का? नीरु बेका? नीळ्ळु कावाला?

भूक लागली का? हसिवागिदेया? आकलेस्तोंदा?

डोकेदुखी. तले नोवु. तल नोप्पि.

असं दोन-अडीच पानं. उलटी होतेय का, चक्कर येतेय का, भीती वाटते का (याच्यापुढे कंसात लिहिलंय ‘लहान मुलं’), खिडकीशी बसायचंय का. गावांची नावं नाहीत, तिकिटाचे दर नाहीत. ते त्यांना पाठच होते. बसमध्ये सहा तास माणसं कोंबलेली असताना त्यांना काय-काय होऊ शकतं, त्याची ती यादी. माझ्या स्पॅनिशच्या पुस्तकात धडा तिसरा आहे, ‘भावना आणि अवस्था’. पपांचा तोच पहिला धडा होता. कदाचित एकमेव.

आता सांगते मी स्पॅनिश का शिकतेय. ते गेल्यानंतर रात्री आठची वेळ घरात फार लांबायला लागली. आई टीव्ही लावायची आणि बघायची नाही. मी लॅपटॉप उघडायची आणि लिहायची नाही. मग एक दिवस जाहिरात दिसली, आठ ते नऊ, आठवड्यातून तीन दिवस. वेळ बघून पैसे भरले. भाषा कुठलीही चालली असती.

मी पाद्रे

जूनमध्ये प्रोफेंनी होमवर्क दिला: कुटुंबाबद्दल पाच वाक्यं. स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे माझा, आणि ‘पाद्रे’ म्हणजे वडील, आपला ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आलेला तोच शब्द. मी लिहिलं, मी पाद्रे... आणि अडले. ‘माझे वडील वारलेत’ याला कुठलं असणं? हे तर कायमचं. यात तात्पुरतं काहीच नाही. उभा माणूस चालू लागतो वगैरे मी वहीत लिहिलं होतं ना? आता? मी नियमाप्रमाणे ‘सेर’ वापरलं. ‘मी पाद्रे एस म्वेर्तो.’

प्रोफेंनी खोडलं. ‘मी पाद्रे एस्ता म्वेर्तो.’

मी म्हटलं, प्रोफे, तुम्हीच तर म्हणालात एस्तार तात्पुरतं असतं म्हणून! त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ते मी नवशिक्यांना सांगते, सोपं पडतं म्हणून. पुरं खरं नाही ते. काळ किती, याच्याशी एस्तारचं देणंघेणं नाही. दार बंद आहे, काच फुटलेली आहे, लग्न झालेलं आहे, माणूस मेलेला आहे. यातलं काही पाच मिनिटं टिकेल, काही कधीच बदलणार नाही, पण सगळ्याला सहसा एस्तारच. कारण आधी काहीतरी वेगळं होतं, आणि मग काहीतरी झालं. ‘सेर’ सांगतं तो कोण. ‘एस्तार’ सांगतं त्याचं काय झालंय.

आपण मराठीत म्हणतो, ‘पपा आता नाहीत.’ ‘आहे’ पुसूनच टाकतो. स्पॅनिश तसं करत नाही. ते म्हणतं, आहेत. काय झालंय ते पुढे सांगते.

प्रोफेंनी मग विचारलं, आणि ते कोण होते? ‘सेर’मध्ये सांग. मी तोऱ्यात म्हटलं, ‘एरा कोन्दुक्तोर.’ कंडक्टर होते, यात काय कठीण! तर कळलं, स्पॅनिशमध्ये ‘कोन्दुक्तोर’ म्हणजे ड्रायव्हर. तिकिटं काढणाऱ्याला तिकडे ‘कोब्रादोर’ म्हणतात. मला हसूच आवरेना. आयुष्यभर पपांचं आणि ड्रायव्हर काकांचं यावरूनच वाजायचं, गाडी कोण चालवतं, स्टिअरिंग की घंटी? शेवटी मेक्सिकोपर्यंत जाऊन ड्रायव्हर काका जिंकले.

प्रोफेही हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या घरीही 1 आणि 2 नोव्हेंबरला वडिलांचा फोटो मांडतात, झेंडूची फुलं वाहतात, त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात. मी म्हटलं, आमच्याकडे भाद्रपदात. आणि झेंडू? तो तर तुमच्याकडूनच इकडे आलाय! मेक्सिकोतून. त्या दिवशी क्लास दहा मिनिटं जास्त चालला आणि कुणी तक्रार केली नाही.

बरं आहे

प्रत्येक क्लासची सुरुवात एकच. ‘कोमो एस्तास?’ आणि चौघांचं उत्तरही एकच. ‘बिएन.’ छान. एकदा प्रोफे वैतागल्या. म्हणाल्या, तुम्ही चौघं रोज बिएन कसे काय असता? आजपासून ‘बिएन’ बंद. दुसरं काहीही सांगा.

पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मग आयटीवाला म्हणाला, ‘तेंगो मिएदो.’ मला भीती वाटतेय. त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत. हे त्यानं घरी सांगितलेलं नव्हतं. आम्हालाही मराठीत सांगितलं नसतं, याची मला खात्री आहे. ‘काय बे, कसं काय?’ ‘एकदम ओके!’ यापलीकडे आमची गाडी गेली नसती. चारशे शब्दांच्या स्पॅनिशमध्ये लपायला जागा नसते, हाच त्याचा फायदा. थापा मारायला शब्दसंग्रह लागतो.

मला तेव्हा पपांचं ‘बरं आहे’ आठवलं. शेवटचे दोन महिने ते रोज विचारल्यावर हेच म्हणायचे. एकदाच म्हणाले, ‘जरा दमल्यासारखं होतंय.’ मी म्हटलं, ‘मग झोपा लवकर.’ आणि लेख पूर्ण करायला बसले. हार्टचं होतं, नंतर कळलं. ज्या माणसानं तीन भाषांत दुसऱ्यांना ‘चक्कर येतेय का’ विचारायची तयारी ठेवली होती, त्याला मी माझ्या एकाही भाषेत दुसरा प्रश्न विचारला नाही. कुठे दुखतंय? कधीपासून? जिना चढताना होतं का? हे विचारलं असतं तर काही बदललं असतं का, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण विचारलं नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून हल्ली क्लास संपला की मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि आईला विचारते. ‘बरी आहेस ना?’ असं नाही. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं. मी विचारते, ‘आत्ता कसं वाटतंय?’ पहिल्या दिवशी तिनं ‘हिला काय झालं’ अशा नजरेनं बघितलं. म्हणाली, ‘काय व्हायचंय? बरं आहे.’ मी म्हटलं, आई, ‘बरं आहे’ बंद. दुसरं काहीही सांग.

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, ‘गुडघा दुखतोय. डावा. आणि तुझ्या पपांची आठवण येतेय.’ मग जरा थांबून, ‘आणि भूक लागलीय. तुझा तो क्लास संपेपर्यंत मी थांबते रोज.’

हे मला चार महिने माहीत नव्हतं.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही साडेसातला जेवतो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. गुडघ्याचा एक्स-रे काढून झालाय. आईला दोन स्पॅनिश शब्द येतात, आणि ती ते जाम स्टाइलमध्ये वापरते. सव्वासात वाजले की स्वयंपाकघरातून हाक येते, ‘तेंगो आंब्रे!’

परवा शेजारच्या काकूंनी ऐकलं. विचारत होत्या, आंब्रे म्हणजे ते कोकणातले का? आणि स्थळ कुणासाठी आलंय?

पहिल्या आठवड्याचा डबा

कापून फ्रिजवर लावा. बायकांसाठी शेवटी ‘आ’, पुरुषांसाठी ‘ओ’. ‘त्रिस्ते’ दोघांना सारखंच.

एस्तोय कान्सादा / कान्सादो: दमलेय / दमलोय
एस्तोय कोन्तेन्ता / कोन्तेन्तो: खुशीत आहे
एस्तोय एनोखादा / एनोखादो: रागावलेय / रागावलोय
एस्तोय प्रेओकुपादा / प्रेओकुपादो: काळजीत आहे
एस्तोय त्रिस्ते: दुःखात आहे
तेंगो सेद: तहान लागलीय
तेंगो स्वेन्यो: झोप येतेय
तेंगो फ्रीओ: थंडी वाजतेय (सोलापूरकरांनी हे डिसेंबरपर्यंत पाठ केलं तरी चालेल)
तेंगो मिएदो: भीती वाटतेय
मे द्वेले आकी: इथे दुखतंय

आणि समोरच्याला विचारायचं असेल तर, मित्राला ‘कोमो एस्तास?’, मोठ्यांना मान देऊन ‘कोमो एस्ता उस्तेद?’ उत्तर ‘बिएन’ आलं, तर आणखी एकदा विचारा.